सात जणांचा कोड आणि बावीस ओळींची फाइल

एडिटरकॉन्फिगला, म्हणजे सगळ्यांच्या कोड एडिटरांना एकच नियम सांगणाऱ्या छोट्या फाइलीला, माझ्याकडून पाचपैकी चार. जो एक गुण कापलाय त्याची गोष्ट जरा लांब आहे, ती सवडीनं सांगते.

आधी आम्ही कोण ते सांगायला हवं. कोल्हापुरात आमचं सात जणांचं ऑफिस आहे, दूध संस्थांसाठी सॉफ्टवेअर करतो. शेतकरी किटली घेऊन संकलन केंद्रावर येतो, काट्यावर दूध मोजलं जातं, यंत्रातनं फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) निघतो, त्यावरनं दर लागतो आणि पावती छापून हातात पडते. काट्याशी बोलणारा भाग सी मध्ये आहे, केंद्रातल्या विंडोज कॉम्प्युटरवरचा सी शार्पमध्ये, सर्व्हरचा पायथनमध्ये आणि शेतकऱ्यांचं मोबाइल ॲप कोटलिनमध्ये. सगळं एकाच गिट रिपॉझिटरीत, म्हणजे कोडचा प्रत्येक बदल नोंदवून ठेवणाऱ्या साठ्यात. माणसं सात आणि कोड लिहायचे एडिटर पाच: व्हिज्युअल स्टुडिओ, व्हीएस कोड, पायचार्म, अँड्रॉइड स्टुडिओ आणि काकांचा व्हिम.

काका म्हणजे आमच्यातले सगळ्यात ज्येष्ठ. काट्याचा सगळा कोड त्यांच्या हातचा. त्यांना इंडेंटेशनला, म्हणजे ओळीच्या सुरुवातीला सोडायच्या जागेला, टॅब हवा, तोही आठ घरांचा. लिनक्स कर्नलच्या कोडिंग स्टाइलमध्येही टॅब आठचाच आहे, ही आठवण ते पंधरवड्याला एकदा करून देतात. पायथनवाल्याला चार स्पेस हव्यात, कारण पेप ८ मध्ये, म्हणजे पायथनच्या लेखनशैलीच्या नियमावलीत, तसं लिहिलंय. आणि आमच्या धाकट्याला दोन स्पेस, कारण आधीच्या नोकरीत तशी सवय लागली. चहाच्या वेळी यावरनं एकमेकांची टर उडवायची, संपला विषय. बरीच वर्षं एवढंच चाललं होतं.

मग दरपत्रकाचं प्रकरण झालं. एका संस्थेनं गायीच्या दुधाला कपातीचा नियम बदलून मागितला होता. फॅट ३.५ आणि एसएनएफ ८.५ हा मूळ दर, एसएनएफ ८.५ च्या खाली गेला की पॉइंटामागं अमुक पैसे कापायचे. बदल दोन ओळींचा. धाकट्यानं तो केला, पुल रिक्वेस्ट (बदल तपासून मंजूर करायची विनंती) टाकली. मी संध्याकाळी साडेसातला उघडली तर अकराशे ओळी लाल आणि अकराशे हिरव्या. म्हणजे गिटच्या मते त्यानं पूर्ण फाइल पुसून नव्यानं लिहिली होती. त्यानं काहीच केलं नव्हतं, त्याच्या एडिटरनं केलं होतं. विंडोजच्या पद्धतीत ओळ दोन अदृश्य अक्षरांनी संपते, सीआर आणि एलएफ. लिनक्सवर नुसत्या एलएफनं. सेव्ह करताना एडिटरनं प्रत्येक ओळीच्या बुडाला एक सीआर चिकटवला, आणि डोळ्याला काहीही न दिसता फाइलची ओळन् ओळ बदलली.

गिटमध्ये डिफ, म्हणजे जुन्या-नव्यातला फरक, बघताना असल्या मोकळ्या जागांकडं कानाडोळा करायची सोय आहे, एक डॅश आणि डब्ल्यू. ती वापरली असती तर दोनच ओळी दिसल्या असत्या. मी वापरली नाही. वरवर खाली गेले, 'लाइन एंडिंगचा घोळ दिसतोय' म्हणाले आणि मंजूर केलं. त्या दोन ओळींत 'पेक्षा कमी'च्या जागी 'पेक्षा कमी किंवा तेवढंच' पडलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला संस्थेच्या सचिवांचा फोन: "ताई, आठ-पाचच्या दुधाला कपात कशी काय लागली ओ?" रांगेतली माणसं पावती हातात धरून उभी होती. सकाळचं संकलन संपेपर्यंत मी फोनवरच होते, आणि पुढचे दोन दिवस फरकाची रक्कम काढण्यात गेले.

चूक माझी होती, लाइन एंडिंगची नव्हती. पण त्या अकराशे ओळींच्या कचऱ्यात ती लपली हेही खरंच.

त्याच आठवड्यात एडिटरकॉन्फिग आणलं. हे काही विकत घ्यायचं सॉफ्टवेअर नाही. ट्रे हनर आणि हाँग शू यांनी सुरू केलेला मुक्त प्रकल्प आहे, फुकट आहे, आणि प्रत्यक्षात आपल्या हाती येते ती एक साधी टेक्स्ट फाइल. नाव टिंबानं सुरू होतं, डॉट एडिटरकॉन्फिग, म्हणून लिनक्सवर साध्या यादीत दिसत नाही. रिपॉझिटरीच्या मुळाशी ठेवायची. आत चौकोनी कंसात फाइलींचा नमुना आणि त्याखाली त्या फाइलींचे नियम. कंसात नुसतं चांदणीचं चिन्ह असेल तर सगळ्या फाइली, चांदणी-डॉट-पीवाय असेल तर फक्त पायथनच्या. नियमही मोजकेच: इंडेंट टॅबचा की स्पेसचा, केवढा, ओळ कशानं संपवायची, कॅरेक्टर सेट कोणता, ओळीच्या शेवटी लोंबणाऱ्या स्पेस काढायच्या का, आणि फाइल संपताना एक नवी ओळ टाकायची का. संपली यादी. एडिटरकॉन्फिग कळणारा कुठलाही एडिटर असो, फाइल उघडली की तो त्या फोल्डरपासून वर वर चढत अशा फाइली शोधतो आणि 'रूट बरोबर ट्रू' लिहिलेली सापडली की थांबतो. ती ओळ विसरू नका, नाहीतर तो तुमच्या होम फोल्डरपर्यंत जाऊन तिथली कधीची पडलेली फाइलही मनावर घेतो.

आमची फाइल बावीस ओळींची झाली. लिहायला दहा मिनिटं लागली, ठरवायला दोन आठवडे.

आणि त्या ठरवण्यातच मला या वस्तूची खरी किंमत कळली. काकांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. आठ घरांचा टॅब हा त्यांचा हट्ट आहे असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. चर्चेत ते सहज म्हणाले, "अगं, दोन स्पेसच्या कोडात कंस कुठं सुरू झाला आणि कुठं संपला हे मला आता दिसतच नाही." कुणाला सुचलंही नव्हतं. शेवटी सी च्या फाइलींसाठी 'इंडेंट स्टाइल टॅब' एवढंच लिहिलं आणि रुंदी मुद्दाम लिहिली नाही. रुंदी नाही लिहिली तर प्रत्येकाचा एडिटर आपापली वापरतो. काकांना आठ दिसतात, धाकट्याला दोन, आणि फाइलमध्ये बाइट एकच. पायथनला मात्र चार स्पेस. पायथन ३ मध्ये टॅब आणि स्पेसची भेसळ केली तर प्रोग्रॅम चालायच्या आधीच टॅब एरर देऊन बसतो, त्यामुळं तिथं काकांनीही वाद घातला नाही.

मेकफाइलला, म्हणजे कोड बांधणारं मेक हे साधन ज्या फाइलीतनं कमांड वाचतं तिला, वेगळा कंस द्यावाच लागतो. तिथं कमांडच्या आधी टॅबच हवा, स्पेस दिल्या की 'मिसिंग सेपरेटर' म्हणून गाडी थांबते. मेक हे स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ साली बेल लॅब्जमध्ये लिहिलं. टॅबचा हा नियम त्रासाचा आहे हे त्यांच्याही लवकरच लक्षात आलं होतं, पण तोवर डझनभर लोक ते वापरायला लागले होते आणि त्यांचं काम मोडायला नको म्हणून तसंच राहू दिलं. त्या डझनभरांपायी आमच्या फाइलमध्ये दोन ओळी जास्त.

एक फजिती माझी स्वतःची. पुढच्याला कळावं म्हणून मी 'इंडेंट साइझ बरोबर ४' च्या पुढं त्याच ओळीवर हॅश टाकून 'पेप ८ प्रमाणे' असं टिपण लिहिलं. आत्ताच्या नियमाप्रमाणं टिपण स्वतंत्र ओळीवरच लागतं. ओळीच्या मध्ये आलेला हॅश किमतीचाच भाग धरला जातो. म्हणजे माझ्या इंडेंटची किंमत झाली 'चार हॅश पेप आठ प्रमाणे', आणि एडिटरनं ती मुकाट्यानं सोडून दिली. मुकाट्यानं, हे इथं लक्षात ठेवा.

आता कोणत्या एडिटरमध्ये कसं चालतं. जेटब्रेन्सच्या पायचार्मला आणि त्याच घराण्यातल्या अँड्रॉइड स्टुडिओला काही बसवावं लागत नाही. व्हिज्युअल स्टुडिओला २०१७ च्या आवृत्तीपासून आतूनच कळतं, आणि सी शार्पसाठी तर त्याच फाइलमध्ये नावं कशी द्यावीत, महिरपी कंस कुठं यावा असले शेकडो नियम घालता येतात. आम्ही घातले नाहीत. बावीस ओळी माणूस वाचतो, दोनशे कुणी वाचत नाही. निओव्हिमला ०.९ पासून चालू मिळतं. काकांच्या व्हिमला मी प्लगइन टाकून दिलं. व्हिमच्या नव्या आवृत्त्यांसोबत ते येतंच, फक्त सेटिंगमधनं जागं करावं लागतं. आणि व्हीएस कोड, जे आजकाल दर दुसऱ्या पोराकडं असतं, त्याला एक्स्टेन्शन वेगळं बसवावं लागतं.

कापलेला गुण इथला. एक्स्टेन्शन नसेल तर काय होतं? काहीच होत नाही. फाइल तिथं पडून असते, एडिटर तिच्याकडं बघतही नाही, आणि लिहिणाऱ्याला वाटतं आपण नियमातच आहोत. सहा महिन्यांनी आमच्याकडं नवीन मुलगी आली. हुशार, पहिल्याच आठवड्यात कामाला लागली. तिनं सर्व्हर सुरू करायची शेल स्क्रिप्ट दुरुस्त केली, तिच्या विंडोज लॅपटॉपवर. कंटेनर (सर्व्हरचा प्रोग्रॅम ज्यात बांधून चालवतो ती पेटी) तयार झाला आणि सुरू होताच पडला. त्रुटी म्हणे, अशी फाइल किंवा फोल्डर नाही. फाइल तर समोर दिसतेय! पायथनवाला दोन तास फोल्डरचे रस्ते तपासत बसला. शेवटी काकांनी फाइल त्यांच्या पद्धतीनं उघडली आणि पहिल्या ओळीच्या टोकाला बोट ठेवलं. तिथं एक टोपी आणि एम असं दिसत होतं. तोच तो सीआर. स्क्रिप्ट कशानं चालवायची ते पहिली ओळ सांगते, आणि त्या नावाच्या शेवटी सीआर चिकटल्यामुळं लिनक्स 'एसएच-सीआर' नावाचा प्रोग्रॅम शोधत होता. असा प्रोग्रॅम नाहीच, मग सापडणार कुठनं.

तिचं काही चुकलं नव्हतं. व्हीएस कोडनं तिला 'हे एक्स्टेन्शन घ्या' अशी शिफारस दाखवली होती, कारण तशी यादी आम्ही रिपॉझिटरीत ठेवली होती. तिनं इतर पंधरा सूचनांबरोबर तीही बंद केली. मीही केली असती.

म्हणून ज्यांना हे आणायचंय त्यांनी फाइलवर थांबू नका. दोन गोष्टी सोबत घ्या. एक, गिट ॲट्रिब्यूट्सची फाइल. विंडोजवरचं गिट स्वतःच चेकआउट करताना लाइन एंडिंग बदलून देऊ शकतं, आणि मग एडिटर एलएफ म्हणतो, गिट सीआरएलएफ म्हणतं, दोघांच्या भांडणात फाइल मरते. ॲट्रिब्यूट्समध्ये लिहून टाकलं की गिटचीही तीच भाषा होते. फक्त विंडोजच्या बॅच फाइलींना सीआरएलएफ ठेवलं. दोन, एडिटरकॉन्फिग-चेकर नावाचं छोटं साधन. ते तुमचीच बावीस ओळींची फाइल वाचतं आणि कोड त्याप्रमाणं आहे का ते तपासतं. आम्ही ते पुश झाल्यावरच्या, म्हणजे कोड सगळ्यांच्या साठ्यात पाठवल्यावरच्या, तपासणीत लावलंय. नियम मोडला की फाइल आणि ओळ क्रमांकासह परत. नवीन मुलीचं एक्स्टेन्शन त्याच दुपारी बसलं.

दुसरं दुखणं, ओळीच्या शेवटच्या स्पेस काढायच्या नियमाचं. ऐकायला किती निरागस वाटतो! आमच्याकडं टेस्टसाठी वजनकाट्यांच्या नमुन्याच्या फाइली आहेत. काटा प्रत्येक वजन ठरावीक लांबीच्या ओळीत पाठवतो, आकडा लहान असला तर पुढं स्पेस भरून लांबी पुरी करतो. मी त्यातली एक फाइल नुसती बघायला म्हणून उघडली, सवयीनं सेव्ह केली, आणि बत्तीस अक्षरांच्या ओळी एकोणीस-वीसवर आल्या. टेस्ट धडाधड पडल्या. काकांचा चेहरा बघण्यासारखा होता. त्या फोल्डरला आता वेगळा कंस आहे आणि त्यात हा नियम बंद. मार्कडाउनच्या फाइलींनाही बंद, कारण तिथं ओळीच्या शेवटी दोन स्पेस दिल्या की 'इथं ओळ तोडा' असा अर्थ होतो. आमच्या रीडमीमध्ये सर्व्हर बसवायच्या पायऱ्या तशाच लिहिल्या होत्या. स्पेस गेल्या आणि सगळ्या पायऱ्यांचा एक परिच्छेद झाला, वाचताना दम लागायचा.

जुन्या कोडचं काय, हा प्रश्न सगळे विचारतात. एडिटरकॉन्फिग जुनं इंडेंटेशन बदलत नाही. तुम्ही लिहाल ते नियमानं लिहिलं जातं, आणि सेव्ह करताना शेवटच्या स्पेस, लाइन एंडिंग असल्या गोष्टी सुधारल्या जातात. म्हणजे जुन्या फाइलला हात लागला की परत तोच घोळ, एका ओळीच्या बदलासाठी चाळीस ओळी लाल. आम्ही एक शनिवार ठरवला, सगळ्यांचं अर्धवट चालू काम मूळ कोडात मिसळून घेतलं आणि एकाच कमिटमध्ये (गिटमधली बदलाची एक नोंद) सगळा कोड झाडून काढला. त्या कमिटमध्ये दुसरं काहीही नाही. मग कोणती ओळ कुणाची ते दाखवणाऱ्या गिट ब्लेममध्ये दर ओळीवर माझंच नाव यायला लागलं. कुणी विचारावं, ही २०१६ ची करामत कुणाची, तर उत्तर मी! त्यावर उपाय आहे. गिट २.२३ पासून, म्हणजे २०१९ पासून, काही कमिट ब्लेममधनं वगळायला सांगता येतात. त्या कमिटचा क्रमांक एका फाइलमध्ये लिहिला, गिटला ती फाइल दाखवली, आणि करामती पुन्हा ज्याच्या त्याच्या नावावर गेल्या.

धाकटा विचारतो, मग कोडची मांडणी आपोआप करणारा फॉरमॅटरच सरळ का लावत नाही? लावलाय की, पायथनला ब्लॅक आहे, कोटलिनला केटीलिंट, आणि केटीलिंट याच फाइलमधनं इंडेंट वाचतो. फॉरमॅटर एकेका भाषेपुरता असतो आणि फाइलचा चेहराच बदलून टाकतो. सी च्या बाजूला काकांनी रजिस्टरांचे आकडे रकान्यात लावून ठेवलेत, ते कुणी फॉरमॅटरनं विस्कटलेले मला चालणार नाहीत. एडिटरकॉन्फिग तिथं हात लावत नाही. एसक्यूएल, शेल, कॉन्फिगच्या किरकोळ फाइली, ज्यांना कुणी वाली नसतो, त्यांना मात्र या बावीस ओळींचाच आधार.

राहता राहिल्या मराठी मजकुराच्या फाइली. ॲपमधली सगळी मराठी वाक्यं एका जेसॉन फाइलमध्ये आहेत आणि ती आमच्या टेस्टिंगच्या मॅडम सांभाळतात. त्यांचं मराठी आमच्या सगळ्यांपेक्षा चांगलं. त्या विंडोजच्या जुन्या नोटपॅडमध्ये काम करायच्या. तो यूटीएफ-८ म्हणून सेव्ह करताना फाइलच्या तोंडाशी बीओएम नावाची अदृश्य खूण टाकायचा, आणि जेसॉन वाचणारा प्रोग्रॅम पहिल्याच अक्षराला ठेच लागून पडायचा. एडिटरकॉन्फिगमध्ये कॅरेक्टर सेटला 'यूटीएफ-८' म्हणजे बिनखुणेचं आणि खूण हवी असेल तर वेगळं नाव. पण नोटपॅडला ही फाइल कळतच नाही. मॅडमना व्हीएस कोड आणि एक्स्टेन्शन बसवून दिलं, तेव्हा ते थांबलं.

त्याच फाइलमध्ये एक दुखणं असं आहे की ज्यावर एडिटरकॉन्फिगकडं औषध नाही, आणि असावं अशी अपेक्षाही नाही. 'शेतकऱ्याचे नाव' हे दोन शब्द बघा. यातला 'ऱ्या' दोन तऱ्हेनं टाइप होतो. एकात ऱ हे स्वतंत्र अक्षर आणि हलन्त, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि मध्ये एक अदृश्य जोडखूण. पडद्यावर दोन्ही तंतोतंत सारखे, आतले बाइट वेगळे. मॅडमचा कीबोर्ड एक लिहितो, माझा दुसरं. डिफमध्ये ओळ लाल-हिरवी होते आणि डोळे फाडून बघितलं तरी फरक दिसत नाही. शोधायला जावं तर निम्मे 'शेतकऱ्याचे' सापडतच नाहीत. युनिकोडचं नॉर्मलायझेशन चालवूनही ते दोन एक होत नाहीत.

त्यासाठी काकांनी गेल्या आठवड्यात पायथनमध्ये एक छोटी स्क्रिप्ट लिहून दिली. सगळे 'ऱ्या' एका तऱ्हेचे करते, झकास चालते. फक्त ती त्यांनी सर्व्हरवर लॉगिन करून तिथल्या जुन्या व्हिममध्ये बसून लिहिली, जिथं प्लगइन नाही. आठ घरांचे टॅब लावून. चेकरनं पहिल्याच पुशला परत पाठवली.